दुसऱ्या गिअरचा आवाज

तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो आवडला होता, आणि याचाच मला अजून राग येतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. चढावर जीप हळू झाली, गिअर बदलला आणि पायाखालून एक लांब घूंऽऽ सुरू झालं. कोणीतरी खालच्या पट्टीत गुणगुणतंय असं वाटलं. मागे बसलेल्या मुली त्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागल्या. मीही हसले. जीप चालवणारा माणूस मात्र हसला नाही. त्याने मान वाकडी करून कान खाली नेला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "हे बरं न्हाई."

पाथर्डीतल्या मुलींच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. नव्वद साल उलटून दोनतीन वर्षं झाली होती. शाळा एका संस्थेची होती आणि संस्था म्हणजे तिचे सेक्रेटरी. आजूबाजूच्या वाड्यांवरून मुलींना आणायला संस्थेने एक जुनी जीप घेतली होती. यातल्या बऱ्याच मुलींचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि मुली आजीजवळ किंवा चुलत्याकडे राहायच्या. जीप नसती तर त्यांची शाळा तिथेच संपली असती. गाडीत एक बाई असलीच पाहिजे असा घरच्यांचा आग्रह होता. माझं लग्न झालेलं नव्हतं, मी एकटी खोली घेऊन राहत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ मी पुढच्या सीटवर बसायचे.

ड्रायव्हरला सगळ्या मुली मामा म्हणायच्या, म्हणून मीही मामा म्हणायचे. पन्नाशीला टेकलेला, सडसडीत माणूस. बौद्ध कुटुंबातला. त्याच्या वडिलांनी छप्पन सालानंतर पोरांना शाळेत घातलं, त्यामुळे हा मॅट्रिक झाला होता आणि नगरला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला होता. शाळेतल्या अर्ध्या शिक्षकांपेक्षा त्याचं अक्षर चांगलं होतं. हे मी आज कौतुकाने लिहितेय. तेव्हा स्टाफरूममध्ये ते चेष्टेचा विषय होतं.

आवाज सुरू झाल्यावर आठवड्याभराने मी त्यांना विचारलं, "मामा, इंजिन बिघडलंय का?"

"इंजिन न्हाई, बाई. गिअरबॉक्स. ऐकायचंय का?"

शाळेच्या मागच्या आवारात मुली खाऊ खात होत्या. मामांनी जीप चालू ठेवली आणि टूलबॉक्समधून एक लांब डिस्मिस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढला. त्याचं टोक त्यांनी गिअरबॉक्सच्या लोखंडाला टेकवलं आणि लाकडी मूठ माझ्या कानाला लावायला सांगितली. डॉक्टरची नळी जसं छातीतलं ऐकवते तसं आतलं सगळं ऐकू यायला लागलं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती. आत एक बारीक खरखर होती, वाळू दळल्यासारखी.

"आता मी क्लच दाबतो," ते म्हणाले. क्लच दाबल्याबरोबर खरखर थांबली. सोडल्यावर पुन्हा सुरू.

"का थांबली?" मी विचारलं. विज्ञानाची बाई मी, आणि विचारत होते त्यांना.

"क्लच दाबला की इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. आतले गिअर फिरायचे थांबतात. म्हंजी आवाज आतलाच. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर क्लचचं बेरिंग म्हणलं असतं. हे येगळं हाय."

पुढचे काही दिवस आमचा हाच उद्योग होता. जाता-येता आम्ही दोघं कान देऊन ऐकायचो. पहिल्या गिअरमध्ये खरखर. दुसऱ्यात खरखर आणि वर ते घूंऽऽ. तिसऱ्यात पुन्हा नुसती खरखर. चौथ्यात गाडी एकदम शांत. मी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली आणि मामांनी बोट ठेवून दाखवलं. चौथ्या गिअरमध्ये जोर सरळ पुढून मागे जातो, गिअरबॉक्समधल्या खालच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, भार येत नाही. बाकीच्या सगळ्या गिअरमध्ये तो खालून वळून जातो. म्हणून खरखर खालच्या दांड्याच्या बेरिंगची, आणि घूंऽऽ एकट्या दुसऱ्या गिअरच्या दात्यांचं. इतकं स्वच्छ निदान मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. नववीच्या वर्गात मी ते उदाहरण म्हणून शिकवलंसुद्धा.

"आवाजाची भीती न्हाई," मामा एकदा म्हणाले. "आवाज म्हंजी गाडी सांगती तरी. बेरिंग ढिलं झालं की गिअर सरळ बसत न्हाई. मग तो उतारावर आपोआप सुटतो. त्याची भीती हाय."

त्यांनी अर्ज लिहिला. मी तो वाचला होता. कोणत्या गिअरमध्ये कोणता आवाज, तो कशाचा, काय बदलावं लागेल, सगळं एका पानात. सेक्रेटरी शाळेत आले तेव्हा मी कशाच्या तरी सहीसाठी ऑफिसातच उभी होते. मामांनी अर्ज पुढे केला. सेक्रेटरींनी हात पुढे केला नाही.

"ठेव टेबलावर," ते म्हणाले. मग माझ्या हातातला कागद मात्र त्यांनी हात लांब करून घेतला. मी ते पाहिलं. मामांनी पाहिलं. मुख्याध्यापकांनीही पाहिलं असणार. कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

जीप दुरुस्तीला सेक्रेटरींच्या मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये जायची. दुसरीकडे न्यायची सोय नव्हती. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा आवाज खरंच कमी झाला होता. मला आनंद झाला. मामांनी जीपखाली सरकून गिअरबॉक्सचा बोल्ट सैल करून थोडं तेल काढलं आणि बोटावर घेऊन मला दाखवलं. काकवीसारखं घट्ट होतं ते.

"काय बी उघडलं न्हाई. नुसतं जाड तेल भरलंय. आवाज दाबलाय." त्यांनी बोट पांढऱ्या कागदावर पुसलं. कागदावर बारीक चमकणारे कण राहिले. "आन् हे पोलाद बघा. दाते झिजत्यात."

दुसरा अर्ज गेला. त्यावर सेक्रेटरींनी त्यांना बोलावून विचारलं, "आवाज गेला ना?"

"कमी झालाय, साहेब, पण..."

"मग? आवाज तुझ्या डोक्यात आहे. गाडी चालव."

तिसऱ्या अर्जाचं काय झालं मला माहीत नाही.

फेब्रुवारीत नगरला विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या अकरा मुली दोन प्रयोग घेऊन जाणार होत्या. सकाळी करंजीचा घाट चढताना जीप दुसऱ्या गिअरमध्ये नुसती रडत होती. जाड तेलानेही आता आवाज दबत नव्हता. मामांचा डावा हात सारखा गिअरच्या दांड्यावर होता. मी काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, मला सगळं समजत होतं. समजत असूनही मी मुलींना त्या गाडीत बसवलं होतं. एसटीने नेऊ असं मी मुख्याध्यापकांना म्हणू शकले असते. म्हणाले नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही परत निघालो. मुलींना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, त्या खुशीत होत्या. घाटाच्या माथ्यावर मामांनी गाडी जवळजवळ थांबवून दुसरा गिअर टाकला आणि दांडा हाताने दाबून धरला. तीव्र वळणाला मात्र त्यांना स्टेअरिंगवर दोन्ही हात घ्यावे लागले. त्या जीपचं स्टेअरिंग एका हाताने वळणारं नव्हतं. टक् असा आवाज झाला. दांडा माझ्या डोळ्यांसमोर आपोआप मध्ये आला. घूंऽऽ एकदम बंद झालं आणि जीप मोकळी सुटली.

त्या शांततेइतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही. मामांनी ब्रेक दाबला. गाडीत तेरा माणसं, मागे प्रयोगांचं सामान, आणि ब्रेक होते ते तसलेच. जळल्याचा वास आला. त्यांनी दुसरा गिअर पुन्हा टाकायचा प्रयत्न केला, तो दात खाऊन बाहेर फेकला गेला. तिसरा एकदा बसला, गाडीला हिसका बसला, वेग जरा कमी झाला. पुढच्या वळणावर समोरून ट्रक येत होता. मामांनी जीप डोंगराच्या अंगाला घातली. मडगार्ड खडकाला घासत गेलं आणि गाडी मुरमाच्या ढिगाऱ्यात शिरून थांबली.

कोणी मेलं नाही. एका मुलीचं मनगट मोडलं. माझं कपाळ काचेवर आपटून फुटलं. मामा उतरले, एकेका मुलीला हात धरून खाली घेतलं, मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग चाकाशी बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशी समिती बसली. सेक्रेटरी, मुख्याध्यापक आणि संस्थेचे एक सभासद. मामांना आधीच निलंबित केलं होतं. का, ते मला त्या खोलीत गेल्यावर कळलं. सेक्रेटरींचं म्हणणं असं, की ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर गाडी मुद्दाम न्यूट्रलमध्ये सोडली आणि वाचलेलं डिझेल तो विकत होता. असं करणारे ड्रायव्हर त्या काळी होतेच, त्यामुळे हे कोणालाही पटण्यासारखं होतं.

माझ्यापुढे एक टाईप केलेला कागद आला. त्यात चारच ओळी होत्या. मी पुढच्या सीटवर होते. आम्ही घाट उतरत होतो. "उतारावर गाडी न्यूट्रलमधे होती." त्यानंतर अपघात झाला.

"यातलं काही खोटं आहे का, बाई?" सेक्रेटरींनी विचारलं.

खोटं काहीच नव्हतं. माझं कपाळ ठणकत होतं, तीन टाके पडले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी, वडिलांनी आम्हाला शुद्धलेखन मारून शिकवलेलं. मी पेन उचललं, 'न्यूट्रलमधे'चं 'न्यूट्रलमध्ये' केलं आणि खाली सही केली.

माणसाची भाकरी जात होती आणि मी जोडाक्षर सुधारत होते.

बाहेर व्हरांड्यात मामा उभे होते. त्यांना आत बोलावलंच नव्हतं. ते मला म्हणाले, "काय लिवलं, बाई?"

मी सांगितलं.

"न्यूट्रलमधी हुती, हे बराबर. पण कुणी केली, ते लिवलं का?"

"त्यांनी ते विचारलं नाही, मामा."

"त्ये कशाला इचारतील? तुमाला म्हाईत हुतं ना? तुमी तर कान लावून ऐकलं हुतं."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते पायऱ्या उतरून निघून गेले. मी स्टाफरूममध्ये आले तेव्हा एक शिक्षक हसत हसत सांगत होते, "ह्या लोकांना जबाबदारीच्या जागा द्यायच्याच नाहीत." मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. मी काय फेकलं ते मला तांब्याचा आवाज झाल्यावर कळलं. त्या शिक्षकांच्या अंगावर पाणी उडालं. ते म्हणाले, "बाईंच्या डोक्याला लागलंय." सगळे मानेने हो म्हणाले.

राग पहिल्यांदा त्यांचा आला. रात्रभरात तो फिरून माझ्यावरच आला.

सकाळी ऐकलं, की अपघातानंतर शाळेच्या आवारात आणून ठेवलेली जीप दोन दिवसांत मेव्हण्याच्या गॅरेजला जाणार. तिथे एकदा गिअरबॉक्स उघडला गेला की झिजलेले दाते आणि बेरिंग भंगारात जाणार आणि सांगायला काहीच उरणार नाही. मी मनगट मोडलेल्या मुलीच्या घरी गेले. तिचे वडील शिंपी होते, तिसगावात घरालाच लागून दुकान होतं. त्यांना मी सगळं सांगितलं, आवाज, तिन्ही अर्ज, जाड तेल, आणि माझी सहीसुद्धा. त्यांनी मशीनवरून मान वर केली. "म्हंजी तुमाला म्हाईत हुतं, आन् माजी पोरगी त्यात बसवली?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग उठून त्यांनी दुकानाचं फळकूट लावलं. "चला. बाकीच्यांच्या घरी बी जाऊ."

दुसऱ्या दिवशी जीप न्यायला मेव्हणा शाळेत आला तेव्हा तिथे आम्ही होतो. मी, ते शिंपी, आणखी सहासात पालक, आणि कोणीतरी सांगावा धाडून बोलावलेले मामा. सेक्रेटरी ऑफिसातून बाहेर आले.

"मला माझ्या जबाबात एक वाक्य वाढवायचंय," मी म्हणाले. "गिअर आपोआप सुटला. मी डोळ्यांनी पाहिला."

"आता जबाब झाला, बाई. फाईल बंद."

"मग गाडी चालवून बघा. आत्ता, सगळ्यांसमोर."

"ह्याला चालवायला द्यायची? मुद्दाम काहीतरी करील."

"त्यांनी नको. तुमच्या मेव्हण्यांनी चालवावी."

पालक फाटकात उभे होते आणि हलत नव्हते. शिंपी म्हणाले, "बघू की मग. साहेब, तुमी बी बसा." सेक्रेटरींना बसावं लागलं. ते पुढे, मेव्हण्याच्या शेजारी. मी, मामा आणि शिंपी मागे. मडगार्ड चेपलेलं होतं, पण जीप चालत होती.

गावाबाहेर एक सरळ उतार होता. खाली मोकळं रान, धोका काही नव्हता. मेव्हण्याने दुसरा गिअर टाकला. घूंऽऽ सुरू झालं. जीप निम्मा उतार उतरली तरी काहीच झालं नाही. सेक्रेटरी मागे वळले. "बघितलं?"

मामा माझ्या कानाशी म्हणाले, "हात बघा त्येचा."

मी वाकून बघितलं. मेव्हण्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता. नुसता ठेवलेला नव्हता, सगळा जोर लावून दाबून धरलेला होता. मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या. म्हणजे त्यालाही माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं.

"हात काढा," मी म्हणाले.

"असाच ठेवतात हात."

"हात काढा म्हणते ना!" मी इतक्या जोरात ओरडले की शिंपीही दचकले. "दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा. अकरा मुली होत्या माझ्या गाडीत! काढा तो हात!"

त्याने हात काढला. क्षणभर काही नाही. मग त्याने पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला आणि टक्. दांडा उडून मध्ये आला. आवाज बंद झाला आणि जीप सेक्रेटरींना घेऊन मोकळी खाली जायला लागली. त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. खालच्या मोकळ्या रानात जाऊन गाडी आपोआप थांबली.

सेक्रेटरी उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "जुनी गाडी आहे. होतं असं."

एवढंच. माफी नाही, चूक झाली असंही नाही. मला वाटलं होतं, सत्य समोर आलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. शिंपी त्यांना खूप बोलले, तेही त्यांनी ऐकून घेतलं. जीपला आठवड्यात दुसरा गिअरबॉक्स बसला. माझं वाढीव वाक्य मुख्याध्यापकांनी वेगळ्या कागदावर लिहून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

मामांवरचा डिझेलचा आरोप मागे घेतला. कामावर परत यायला सांगितलं, पण एका अटीवर. वरिष्ठांशी उद्धट वागल्याबद्दल त्यांनी लेखी माफी मागायची होती. उद्धटपणा कोणता, तर तीनदा अर्ज दिला हा. मामांनी तो कागद परत केला. त्या दिवशी त्यांनी तो सेक्रेटरींच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. सेक्रेटरींना तो घ्यावा लागला.

ते श्रीरामपूरला बहिणीकडे गेले. तिथे एका ट्रकच्या गॅरेजमध्ये त्यांना गिअरबॉक्सचं काम मिळालं. जीपवर नवा ड्रायव्हर आला. मी पुढच्या सीटवर बसत राहिले. वर्षभराने माझी नोकरी कायम झाली, आणि लगेच संस्थेच्या लांबच्या एका शाखेत बदलीही झाली. बदलीची ऑर्डर हातात आली तेव्हा मला जवळजवळ बरं वाटलं.

एकदा श्रीरामपूरला पेपर तपासायला गेले होते, तेव्हा पत्ता काढत त्या गॅरेजात गेले. मामा एका ट्रकखाली आडवे होते. मला पाहून बाहेर आले, चिंध्यांना हात पुसले, बाकड्यावरची धूळ झटकून मला बसवलं. चहा मागवला. मुलींची चौकशी केली. मोडलेल्या मनगटाची मुलगी आता नर्सिंगला आहे, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. मी धीर करून म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी सही करायला नको होती."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं ते झालं. गावाकडे लोक असं म्हणतात. मी बहुतेक तेच ऐकायला तिथवर गेले होते.

"न्हवती करायला पायजे," ते म्हणाले. चहाचा ग्लास त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "घ्या, गार हुतोय."

मग ते पुन्हा ट्रकखाली गेले. मी चहा संपेपर्यंत तिथे बसले.